तुझ्या आयशीला सांग

"अगं, आईचे डायलॉग तू वाच ना! तुमच्या त्या आगरी टोनमध्ये. धमाल येईल!"

घोडबंदर रोडवरचं आमचं कॉम्प्लेक्स. क्लबहाऊसमध्ये बायकांचा बुक क्लब भरतो. या वेळची कादंबरी एका जोडप्याची. एकमेकांशी बोलणं बंद, सगळा कारभार मुलीमार्फत. मला वाचायला सांगत होती ती मेधा, क्लब चालवणारी. मी तिथे एकटीच कल्याणजवळच्या मोहन्याची, भाड्याने राहणारी. एरवी माझं मत कोणी विचारत नाही. आज आवाज हवा होता.

आणि मी वाचलं. मूर्खासारखं. सगळ्यांना खूश करायला गेले.

"बापाला इचार, भात वारू काय?"

हसून हसून लोळल्या नुसत्या. एकीने "वन्स मोअर" केलं. माझ्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला. भात वाढू का, ही ओळ पुस्तकात नव्हतीच. माझ्या आईची होती. आवाजही तिचाच निघाला.

बाबांची मोहन्यातली कंपनी बंद पडली, तेव्हापासून ते आईशी बोलले नाहीत. का, ते शेवटपर्यंत कळलं नाही. घर एवढंसं, पण मीठ कमी पडलं तरी निरोप माझ्याकडे. "तुझ्या आयशीला सांग." आई गेली त्या दुपारीसुद्धा तेच. ती खाटेवर, ते दारात. मला म्हणाले, "तिला इचार, दुखतंय काय?" मी विचारलं. आई त्यांच्याकडेच बघत होती. म्हणाली, "सांग त्यांना, नाय."

ते "नाय" अजून ऐकू येतं मला. भांडी घासताना. कुकर लावताना.

मेधा डोळे पुसत म्हणाली, "पण खरं सांगू? अशा बायकांना सवय असते गं. त्यांच्यात चालतं हे."

त्यांच्यात. आणि मी समोर बसलेली.

मी पुस्तक मिटलं. "आता वाचली ना, ती माझी आई होती. परत वाचणार नाही. तुमच्यात काय चालतं ते वाचा कधीतरी. मी येते हसायला."

एकीने ढोकळ्याची डिश पुढे सरकवली. मी उठले.

घरी आले. गणपतीपासून नवरा माझ्याशी बोलत नाही. सोफ्यावर बसलेला. लेक धावत आली. "मम्मी, पप्पा विचारतायत, जेवायला काय आहे?"

मी तिला आतल्या खोलीत पाठवलं आणि त्याच्यासमोर उभी राहिले.

"तोंड आहे ना तुला? मला विचार. नाहीतर राहा उपाशी."

त्याने मोबाईलमधून मान वर केली नाही. लेकीला हाक मारली.

मी खोलीच्या दारात आडवी उभी राहिले. "ती येणार नाही. तुला बोलायचं तर बोल, नाहीतर जन्मभर गप्प बस. माझी पोर निरोप पोचवणार नाही. माझाही नाही."