मुक्काम इथे, मत गावाकडे

खोली बघायला आलेल्या माणसाला घरमालक काय काय विचारतात, हे बजाजनगरात भाड्याने राहिलेल्यांना सांगायला नको. कंपनी कोणती, पाळी कोणती, बायको आणणार का, आणि मग आडून आडून आडनाव. आमच्या मालकीणकाकू यातलं काही विचारायच्या नाहीत. नळाला पाणी यायची वाट बघत, मोटारीचा पाइप मांडीवर घेऊन त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेल्या असायच्या. तिथूनच मान वर करून म्हणायच्या, "मत कुठंय तुमचं?"

मीही पहिल्यांदा बिचकलो. म्हणालो, काकू, आपण राजकारणात पडत नाही. त्या म्हणाल्या, "पडू नका. पण यादीत नाव असंल ना कुठंतरी? कोणत्या गावाला?" मी अंबड तालुक्यातल्या माझ्या गावाचं नाव सांगितलं. त्यांनी वर बोट केलं. "मग कोपऱ्यातली घ्या. शेजारी घनसावंगी हाय, पटंल तुमचं." अशी मला खोली मिळाली.

घर दुमजली. मधून अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, बोळाच्या टोकाला सगळ्यांत मिळून एक नळ. काकूंच्या तोंडी खोल्यांना नंबर नव्हते, तालुके होते. माजलगावचा बल्ब गेला, वैजापुरानं कचरा टाकला, अंबडाकडे पाहुणे आले. भाडेकरू बदलला की खोलीचा तालुकाही बदलायचा. रात्रपाळीहून आलो की खालून हाक यायची, "ओ अंबड, दूध तापवून ठेवलंय." सुरुवातीला हे मला विचित्र वाटायचं. नंतर सवय झाली. पुढे तर कुणी आडनावाने हाक मारली की ओ द्यायला मला क्षणभर उशीर व्हायचा.

या चौकशीमागे त्यांचा एक विचार होता. तो त्या कुणालाही ऐकवायच्या. "माणूस जिथं मत देतो तिथला असतो. बाकी ठिकाणी तो ड्युटीवर असतो." आमची सगळी वस्तीच ड्युटीवर होती. नाल्यापलीकडे जुनं गाव होतं. थोडी घरं, पण एकूण एक माणूस मतदार यादीत. अलीकडे त्याच गावकऱ्यांच्या विकलेल्या शेतांवर आमच्या गल्ल्या उभ्या राहिल्या होत्या. पाळी सुटायच्या वेळी रस्त्यात पाय ठेवायला जागा नसायची. पण यादी काढून बघितली तर गल्ली ओसाड. मग पंचायतीचे मेंबर इकडे कशाला फिरकतील? बोळासमोरचं गटाराचं चेंबर बारमाही तुंबलेलं असायचं आणि आम्ही विटांवरून उड्या मारत कामाला जायचो. कुणी चिडून पंचायतीला शिव्या घातल्या की काकू म्हणायच्या, "तिला कशाला बोलता? तुम्ही तिला दिसतच नाय."

समोर सलीमभाईंचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. कन्नडहून आलेला माणूस. आल्या आल्या त्याने घरातल्या सगळ्यांची नावं इथल्या यादीत लावून घेतली होती, तेही दुकानाचं शटर बसायच्या आधी. काकूंना याचं भारी कौतुक. एकदा त्यांनी त्याला विचारलं, की बाबा, एवढी घाई का रे केली? सलीमभाई वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "काकी, हमारेकू कागद पैले होना, घर बाद में." त्या दिवशी संध्याकाळी काकू मला म्हणाल्या, त्याला कागद नसल्याची भीती वाटते आणि तुम्हाला कागद हलवायची. दोघांची भीती एकाच गल्लीत राहते बघा.

खुद्द त्यांच्या घरात मतं दोन गावांना होती. काका कंपनीतून निवृत्त झालेले, पण मत गंगापूरकडच्या त्यांच्या गावाला. मतदानाच्या दिवशी कडक इस्त्रीचा सदरा घालून, लग्नाला निघाल्यासारखे सकाळीच निघायचे. काकू मात्र नाल्यापलीकडच्या शाळेत मत द्यायच्या. मी एकदा कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "माझं लग्न झालं तव्हा मी कोणत्या यादीतच नव्हते. पहिल्यांदा नाव लागलं तेच सासरच्या आडनावानं. बाईचं मत तिच्यासंगं नांदायला जातं, तिला कुणी इचारत नाय. गड्याचं मत बापाच्या ओसरीवर बांधलेलं असतं. मग मी म्हणलं, एकदा तरी आपल्या पायानं हलू दे."

मतदान हा प्रकार बघायचं त्यांना वेडच होतं. एका लोकसभेला बीडचं मतदान आमच्या आधी होतं, तर त्या माजलगावच्या भाडेकरूबरोबर त्याच्या गावाला गेल्या. काम काही नव्हतं. शाळेसमोरच्या ओट्यावर दिवसभर बसल्या आणि लोक कसे येतात ते बघत राहिल्या. परत आल्यावर आम्हा सगळ्यांना जिन्यात बसवून हकिगत सांगितली. "तिकडं माणूस मत द्यायला येत नाय, घर येतं. म्हातारा पुढं, मागं पोरं, त्यांच्या मागं बाया. म्हातारा बाहेर येऊन थांबतो, सगळे झाले का बघतो, मग जातो. आपल्याकडं एकेकटा येतो. त्याला बघायला कुणी नसतं, म्हणून इचारायलाबी कुणी नसतं." ज्या उमेदवाराच्या मागे जास्त घरं दिसली तोच त्या गावात पुढे राहणार, असं त्यांनी आम्हाला छातीठोकपणे सांगून टाकलं. निकालात नेमका तोच तिथे मागे पडला. काकू खट्टू होतील असं वाटलं होतं. पण त्या उलट खूश. बाया घरच्यांच्या मागे आत गेल्या, पण आत गेल्यावर घरच्यांच्या राहिल्या नाहीत, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला आणि दोन दिवस मनाशी हसत होत्या.

कोरोनाच्या उन्हाळ्यात आमच्या खोल्या रिकाम्या झाल्या, आणि काकूंच्या डोक्यात विचार पक्का झाला. जेव्हा जीवावर बेततं तेव्हा हे सगळे मताच्या गावाला पळतात. आम्ही परत आलो तशा त्या आमच्या मागे लागल्या. मतं इकडे हलवा. मी त्या घरात सगळ्यांत जुना भाडेकरू, डिप्लोमावाला. बाकीचे माझ्याकडे बघायचे. मी म्हणालो, माझं झालं, मोबाइलवरूनच केलं. ते ऐकून काहींनी खरंच केलं. काहींनी माझ्यासारखंच केलं असेल.

मी केलं नव्हतं. आई म्हणाली होती, इथलं नाव काढू नको, उद्या भावकी म्हणेल हा गेला. सातबाऱ्याचा आणि मतदार यादीचा काडीचा संबंध नाही, हे मला कळत होतं. पण कळणं वेगळं. गावच्या यादीत माझं नाव वडिलांच्या आणि भावाच्या नावाजवळ होतं. वडील गेल्यावर त्यांचं कमी झालं. तिथून मीही उठावं, हे माझ्याने होईना. हे मी काकूंना सांगू शकलो असतो. त्यांना ते ऐकायला आवडलंच असतं. मी खोटं बोलणं पसंत केलं, कारण ते सोपं होतं.

मग पंचायतीची निवडणूक लागली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव सुटला. सलीमभाईने काकूंना उभं राहायला लावलं. चेंबरचं पाणी तुमच्याच दारात येतं, तुम्ही नाही तर कोण, असं त्याचं म्हणणं. चिन्ह मिळालं रोडरोलर. काकू म्हणाल्या, रस्त्याचा पत्ता नाही आणि रोलर आधी आला. पण त्यांनी हे मनावर घेतलं होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची गावं मत देताना बघितली होती. आपली गल्ली एकदा तरी यादीत उठून दिसावी, एवढंच त्यांना हवं होतं.

पहिली पाळी सुटली की मी त्यांच्याबरोबर दारोदार फिरायचो. मी एरवी कमी बोलणारा माणूस. तेव्हा कसा कोण जाणे, सुटलो. आपण इथे कमावतो, इथे आजारी पडतो, आपली पोरं याच विटांवरून उड्या मारत शाळेत जातात, आणि आपण जत्रेला गेल्यासारखे गावाला जाऊन मत टाकून येतो. जो इथे राहतो त्याने इथे मत द्यावं. लोक माना डोलवायचे. काकू शेजारी उभ्या राहून माझ्याकडे टक लावून बघायच्या. मला वाटायचं, कौतुकाने.

आमच्या गावची निवडणूकही त्याच रविवारी होती आणि माझा थोरला भाऊ उभा होता. दर निवडणुकीला गावोगावच्या जीपा येतात तशी, बजाजनगरातून गावची पोरं गोळा करायला तो जीप पाठवणार होता. मी हे कुणाला बोललो नव्हतो. शनिवारी संध्याकाळी गच्चीवर काकू दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. मी जिन्यातून वर आलो तर माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "उद्या जीप कव्हा येती?"

मी म्हणालो, पहाटे.

"डबा देऊ का बांधून?"

नको म्हणालो. त्यांनी घडी केलेले कपडे हातावर घेतले आणि खाली गेल्या. उमेदवार त्या होत्या, वॉर्डाची यादी त्यांनी कधीच वाचून काढली असणार आणि त्यात माझं नाव नाही हे त्यांना दिसलं असणार, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. तरी मी पहाटे गेलो.

भाऊ भरघोस मतांनी निवडून आला. माझ्या मताची तिथे गरजच नव्हती. काकू पडल्या. आमच्या बोळात रोज जेवढी माणसं झोपतात, त्याहूनही कमी फरकाने.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी जिन्यात बसून त्या सलीमभाईला सांगत होत्या. मी वरच्या पायरीवर होतो, खाली उतरलो नाही. वैजापूरवाल्याशी मोटारीच्या पिनवरून त्यांचं भांडण होतं, बोलणं बंद होतं. तो बायकोला घेऊन सकाळीच रांगेत उभा राहिला होता. "ज्याच्याशी बोलत नाय तो मत देऊन गेला," काकू म्हणाल्या. "बोलणारे कुठं गेले, काय की." आणि हसल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच नवल वाटत होतं, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. पुढे निवडून आलेल्या बाईंकडे त्या स्वतः चेंबरचं सांगायला गेल्या. काम झालं, अर्धंच.

मी नंतरही त्यांच्याकडे राहिलो. दूध तापवून ठेवणं चालू होतं. त्या दिवसाबद्दल त्या बोलल्या नाहीत, मीही नाही. मग मी तिथून जवळच फ्लॅट घेतला. पोरं इथल्याच शाळेत आहेत. माझं मत अजून गावाला आहे. बायकोने मात्र तिचं परस्पर इकडे करून घेतलं. मला कळलं ते तिच्या बोटाला शाई दिसली तेव्हा.

काका गेले, काकूंचे गुडघे गेले, आणि मुलगा त्यांना पुण्याला न्यायला आला. निरोप घ्यायला मी गेलो तेव्हा टेम्पोत सामान चढत होतं. काकू फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी शेजारी उकिडवा बसलो. म्हणालो, "काकू, त्या वेळचं..."

"मतदानाचं व्हय?" त्यांनी माझी सुटका केली नाही, पण वाटही बघायला लावली नाही. "तुम्ही गावाला गेलात त्याचा मला राग नाय आला. मत तुमचं. पण तुम्ही माझ्यासंगं फिरलात. लई चांगलं बोलायचात. तुमचं ऐकून त्या परतूरच्या खोलीतल्या पोरीनं, नवऱ्याचं नाव दोन्हीकडं असून, त्याला गावाला जाऊ दिलं नाय. भांडली त्याच्याशी, सासूच्या शिव्या खाल्ल्या. अन् दुपारी मलाच इचारती, अंबडचे भाऊ दिसत नायत कुठं? तिला मी काय सांगायचं?"



मग त्या जरा पुढे वाकल्या. कुणी परगावहून आलं की हकिगत ऐकायला वाकायच्या, तशाच. "आता एक खरं सांगा. तिथं गेल्यावर बरं वाटलं का?"

नाही म्हणावं, असं मनात येऊन गेलं. त्यांना तेवढं तरी द्यावं. पण म्हणालो, "हो काकू. लई बरं वाटलं. रांगेत पुढचे-मागचे सगळे बोलत होते, कव्हा आला, पोरं नाही आणली का. आतल्या एजंटाने चिठ्ठी न बघताच माझं नाव सांगितलं. बापाचं नाव लावून. मला इथे तसं कुणी ओळखत नाही."

"अजून?"

मी सांगत गेलो. भाऊ दाराशी हात जोडून उभा होता आणि मलाही त्याने परक्यासारखा नमस्कार केला, मग दोघांना हसू आवरेना. ज्या वर्गात मत दिलं तिथेच मी चौथीला होतो. बाहेर चुलत्यांनी पाठीवर थाप मारली. काकू सगळं ऐकत होत्या, मधून मान हलवत होत्या. मुलाने त्याच्या गाडीतून हाक मारली तेव्हा त्या खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठल्या.

"एवढ्या गावांचं बघितलं, ऐकलं," त्या म्हणाल्या, "पण माझ्या माहेरच्या शाळेत मतदान कसं होतं, ते काय मी बघितलं नाय."

मी त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. मुलाने दार लावलं आणि बोळासमोरच्या ओल्या विटा चुकवत गाडी सावकाश मागे घेतली.