बाबांची शपथ आणि माझा डबा

बाबांची एक किडनी मुतखड्यांनी आधीच खाल्ली होती. ती काढली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी बजावलं, ‘आता एकच उरलीय. खडा पुन्हा होऊ देऊ नका.’ आई नव्हती, म्हणून ही ताकीद मी माझ्याच अंगावर घेतली. ऐंशीच्या दशकात आम्ही कोराडीच्या वसाहतीत राहायचो. बाबा वीजकेंद्रात बॉयलरवर होते. मी शाळेत शिकवायचे आणि घरी येऊनही छडी खाली ठेवत नसे.

खड्यात ऑक्झलेट नावाचा क्षार सापडला होता. तो पालकात, चुक्यात ठासून भरलेला असतो हे कळल्यावर त्या भाज्या घरातून हद्दपार झाल्या. बाबा किती तांबे पाणी प्याले, त्याच्या रेघा मी भिंतीवर खडूनं ओढायचे. जुलाब झाले तर अंगातलं पाणी जाईल आणि खडा धरेल, ही धास्ती वेगळीच. त्यामुळे त्यांचं पोट जरा गुरगुरलं की मी बिस्किटांच्या डब्यातून जंतू मारायची कॅप्सूल काढायचे. ऑपरेशनच्या वेळच्या काही उरल्या होत्या. त्या संपल्यावर दुकानातून तशाच आणत गेले. बाबा मुकाट गिळायचे.

तरी वर्षाच्या आत एक्स-रेत खडा दिसला. माझं डोकंच फिरलं.

‘कॅन्टीनमधी पालक खाल्ला ना तुमी?’

‘नाई वं.’

माझ्या गळ्याला हात लावून शपथ घ्या म्हटलं. त्यांनी घेतली. मला पटली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांचा परत आलेला जेवणाचा डबा हुंगायला लागले. आज लिहितानाही लाज वाटते.

मग मे महिन्यात एका सकाळी बाबांना कळ आली आणि दुपारपर्यंत लघवीचा थेंब नाही. एकच किडनी, तिचीही वाट बंद. शहराची बस येता येईना. कोळशाचे ट्रक तेवढे धावत होते. बाबा थांब्यावर उकिडवे बसून घामानं निथळत होते आणि मी वरून म्हणत होते, ‘आता तरी खरं सांगा.’ त्यांनी ‘नाई’ म्हणून मान हलवली.

इस्पितळात नळी घालून वाट मोकळी केली. बाटलीत लघवी उतरली तेव्हा मी त्या पिवळ्या पाण्याला हात जोडले.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी औषधांची चौकशी केली. मी मोठ्या ऐटीत कॅप्सूलचं नाव सांगितलं, बाबांना किती जपते तेही सांगितलं. ते स्टूल ओढून माझ्यासमोर बसले.

‘आतड्यात एक जंतू सापडलाय. ऑक्झलेटवरच जगतो. तो असला की चहा-शेंगदाण्यांतलंही बरंचसं ऑक्झलेट तिथंच संपतं, किडनीकडे कमी जातं. मीही हे अलीकडेच वाचलं. तुमच्या कॅप्सूलनं तो मेला असेल. खात्रीनं नाही सांगता येत, पण ऊठसूट देऊ नका.’

सोबत आणलेला बिस्किटांचा डबा मी पिशवीत खोल दाबला.

तिसऱ्या दिवशी बाबांचं पोट गुरगुरलं. त्यांनी खाटेवरून माझ्यापुढे हात पसरला. ‘दे वं, तुह्या डब्यातली गोळी.’

मी देईन ते हा माणूस न विचारता गिळत आला होता, आणि मी त्याची शपथसुद्धा मानली नव्हती. त्या पसरलेल्या हातावर डोकं टेकून मी रडले.

‘काहून रडून राहिली वं?’ बाबा घाबरून म्हणाले. ‘खरंच नाई खाल्ला मी पालक.’