महाशीरच्या जीनला नातेवाईक मिळाले

मंडळी, आज लॅबमध्ये एकटीच हसत बसले होते.

महाशीर माशाचा एक जीन मी कधीपासून धरून बसलेय. जीनोम ब्राउझर म्हणजे जीनचा कॉम्प्युटरवरचा नकाशा, त्यात याला नावच नव्हतं. माझे गाईड सर म्हणाले होते, "थीसिस से हटा दो." आज नकाशात इतर प्राण्यांची नवी माहिती आली आणि हाच जीन बेडूक, उंदीर, माणूस सगळ्यांत दिसला, म्हणजे तो नक्कीच कामाचा. सर स्क्रीन बघून म्हणाले, "रहने दो थीसिस में."

घरी आईला सांगितलं. इथे हिंदी मुलखात, बिट्टन मार्केटमध्ये कुणी मराठी बोललं की भाजी घेता घेता नागपूरचं नातं काढणारी माझी आई. म्हणाली, "म्हणजे मासा आपल्यातलाच निघाला."

मग रात्रीसाठी आणलेले मासे तिने फ्रीजमध्ये ठेवले आणि पिठलं केलं.

खरं सांगा, तुम्ही तळले असते?