टिंग टिंग

आरे-वारेच्या चढावर सकाळी ते मुद्दाम आमच्या धावण्याच्या गटाच्या मागून धावायचे. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. कुणी रेंगाळलं की म्हणायचे, "चला, पुढं सरका." शेवटचा माणूस माथ्यावर आला की तोंडानेच डबल बेल द्यायचे, 'टिंग टिंग'. मगच सगळे पुढे पळायचे.

पावस गावच्या शर्यतीत त्यांना आपली जुनी वेळ मोडायची होती. पुढे होते. चढावर माझ्या पोटरीत गोळा आला, तसे ते माघारी फिरले.

"काका, तुमची वेळ जाईल."

"पॅसेंजर खाली ठेवून बेल मारायची सवय नाय मला."

आता गुडघ्यांमुळे ते येत नाहीत. माझी वेळ बरीच सुधारलीय. तरी माथ्यावर पाय थांबतातच, त्या टिंग टिंगसाठी.