आईचं पथ्य आणि माझी पीएचडी

पीएचडीचा विषय कोणी विचारला की मी आता सरळ सांगते, "लघवी." समोरचा विषय बदलतो, माझा वेळ वाचतो. खरा विषय असा: कांदा, सफरचंद, चहा यांत फ्लेवोनॉइड नावाची द्रव्यं असतात, त्यांचं शरीर पुढे काय करतं. शरीराला ती परकी वाटतात. आतडं आणि लिव्हर त्यांना सल्फेटबिल्फेट चिकटवून वाटेला लावतात. उरलेल्यांचे तुकडे मोठ्या आतड्यातले जंतू पाडतात. शेवटी बरंचसं लघवीत उतरतं.

साठीपुढच्या बायका अभ्यासाला मिळेनात, तेव्हा कोपर स्टेशनजवळच्या आमच्या घरातून आईच तयार झाली. दोन दिवस फक्त दही, दूध, पनीर. मग पहिला नमुना, मग वाटीभर कांदा, मग पुढचे नमुने. पहिला नमुना स्वच्छ हवा, नाहीतर कांद्याचं काय झालं ते कळणार कसं? बर्फाच्या खोक्यातून बाटल्या नेताना शेअर रिक्षातल्या मावशींनी विचारलं, "कोलंबी काय गं?" मी हो म्हटलं.

पहिल्याच नमुन्यात चहाच्या खुणा ठळक. मी घरी येऊन तडकले, "आई, चहा प्यायलीस?"

"मग? उपासाला चालतो की!"

मी तिला 'झाडाचं काही खायचं नाही' असं बजावलेलं. तिने तो उपास धरला, आणि आमच्याकडे चहा न चालणारा उपास अजून निघायचाय.

गाइड म्हणाले, एकदा परत करा, नाही जमलं तर त्यांना वगळा. त्या वयाच्या मोजक्याच बायका माझ्याकडे होत्या. आई गळली असती तर तो गटच मोडला असता.

दुसऱ्या खेपेला पहिल्याच दुपारी चहावाचून आईचं डोकं ठणकायला लागलं. कपाळाला ओढणी आवळून ती आडवी झाली. बाबा बिचारे कप घेऊन बाल्कनीत गेले, तर आतून आवाज, "वास येतोय हं मला!" मला हसू आवरेना, आणि वाईटही वाटत होतं. शेवटी म्हटलं, "आई, सोड. घे चहा. मी बघते दुसरं कोणीतरी."

"तुझ्या दहावीला वर्षभर केबल काढलेली आपण," ती डोळे न उघडता म्हणाली. "माझ्या सगळ्या मालिका बुडाल्या. दोन दिवस चहाचं काय घेऊन बसलीस? झोपू दे मला."

ती केबल फक्त माझी बंद झाली होती, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. तिला घट्ट मिठी मारावीशी वाटली, पण तिला खरंच झोप लागली होती. या खेपेचा नमुना स्वच्छ निघाला, आणि पुढच्या नमुन्यांत आईचा कांदा तुकड्या-तुकड्याने दिसत गेला.