कौसाबाईंच्या वेलीवरचा एक घड

सरकारी ऑफिसात बाबूगिरी करून निवृत्त झालेल्या माणसाजवळ दोनच गोष्टी साठतात : गुडघेदुखी आणि किस्से. गुडघ्यांना औषध आहे. किस्से मात्र वाढतच जातात, कारण चहाच्या टेबलावर ते ऐकायला चार मित्र होते, त्यातले दोनच उरले, आणि त्या दोघांनी सगळे ऐकलेत. म्हणून आता तुम्ही सापडलात! हे पुढचे सगळे किस्से साखऱ्याच्या एकाच मांडवाखालचे.

*

साखरा हे कोरडवाहू गाव. सोयाबीन, तूर आणि आभाळाकडे बघणं ही तिथली मुख्य पिकं. मी शेतीच्या ऑफिसात असताना तिथल्या कौसाबाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या आणि त्यांचे मालक बापूराव दर हिवाळ्यात नाशिककडे द्राक्षबागेत मजुरीला जायचे.

"बाबूसाहेब, द्राक्षाची योजना हाय का?"

"बाई, तुमच्या गावात द्राक्षं होत नाहीत. म्हणून योजना नाही."

"मंग आमी योजनेबिगर लावतो. योजना न्हाई हे वेलीला कुठं ठाव हाय?"

किती एकर, म्हणून विचारलं. म्हणाल्या, "एकर कशाचे? घरामागं वीस वेली. इकायच्या न्हाईत. लोकाच्या बागंत लई घड तोडले, बाबूसाहेब. एक आपल्या वेलीचा तोडून खायचा हाय."

अर्जाच्या नमुन्यात या कारणासाठी रकानाच नव्हता!

*

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी दोघं नाशिकहून परतले, ते ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या वीस काड्या घेऊन. स्टँडवरच भेटले. मी माझं पुस्तकी ज्ञान पाजळलं, "कोणती जात? थॉमसन?"

"ह्याला खायची द्राक्षं लागत न्हाईत," कौसाबाई म्हणाल्या. "हा खुंट हाय, रानटी. ह्याची मुळं खोल जाऊन पाणी हुडकतात. पाऊस न्हाई आला तरी तग धरतो. एकदा रुजला की ह्याच्यावर चांगल्या द्राक्षाचं कलम भरायचं."

"म्हणजे राबायचं खालच्यानं आणि घड वरच्याला?"

बापूराव म्हणाले, "तुमच्या हापिसावाणीच की!"

तीस वर्षं मी त्यातल्या कोणत्या टोकाला होतो, ते मी त्यांना सांगितलं नाही.

*

त्या उन्हाळ्यात धुण्याभांड्याच्या पाण्यावर ते खुंट असे माजले, की अख्ख्या साखऱ्यात तेवढंच हिरवं. लोक बघायला यायचे. बापूराव धुतलेलं धोतर नेसून मांडवाखाली बसायला लागले. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना 'बागाईतदार' म्हटलं होतं!

पावसाळा सरता सरता कलम भरणारा आला. त्यानं कात्री काढली आणि सांगितलं, गुडघ्याएवढा खुंट ठेवून वरचं सगळं कापायचं. बापूराव पहिल्या वेलीला पाठ लावून बसले.

"काहून कापता? हिरवंगार हाय!"

"काका, ह्याला द्राक्षं नाही लागणार."

"नसू द्या! दिसून तर ऱ्हायलं!"

कौसाबाई शांतपणे म्हणाल्या, "बसा तुमी तिथंच. आमी त्या टोकापासून सुरू करतो."

एकोणीस वेली झाल्या. विसाव्या वेलीपाशी बापूराव आपणहून उठले. चहा झाला होता.

*

पुढच्या वर्षी पाऊस पोळ्यालाच निरोप घेऊन गेला. माझ्या नोकरीचंही ते शेवटचं वर्ष. शेजारचे किसनराव तक्रार घेऊन आले, "साहेब, ह्या बाईच्या खुंटाची मुळं माझ्या हिरीचं पाणी पिऊन राहिली. चौकशी करा!"

आमचे नवे साहेब तरुण होते, त्यामुळे खरंच चौकशीला गेले. आम्ही सगळे विहिरीत वाकलो. तळाशी चिखलसुद्धा नव्हता. मूळ तर कुठंच दिसेना.

"कुठं हायत मुळं?" किसनराव ओरडले.

बापूराव म्हणाले, "येऊन गेली असतील. पाणी न्हाई बघून वापस गेली!"

*

परतताना साहेबांनी जीपमध्ये मला समजावलं, "जमिनीतली ओल संपत आली की मुळं पानांना निरोप पाठवतात. मग पानं आपली बारीक बारीक तोंडं मिटून घेतात. पाणी उडून जात नाही. चांगला खुंट हा निरोप वेळेवर पाठवतो."

मी म्हणालो, "साहेब, खालून वर निरोप जातो आणि वरचे तो ऐकतात?"

साहेब हसले नाहीत. पुढे त्यांचं प्रमोशन झालं.

*

दसऱ्याच्या छाटणीनंतर वेलींना पहिल्यांदा घड सुटले. पाणी मात्र प्यायच्या हंड्यापुरतंच उरलं होतं. खुंट कितीही चिवट असला तरी कोरड्या वर्षात घडांचा भार कोवळ्या वेलीला झेपत नाही, हे कौसाबाई नाशिकला शिकल्या होत्या. घड ठेवले तर वेल जाईल. त्यांनी कात्री घेतली आणि मोहरीएवढ्या मण्यांचे सगळे घड स्वतःच्या हातानं उतरवले.

मी त्या दिवशी तिथंच होतो. बापूराव मला एस.टी.पर्यंत पोचवायला आले.

"बाबूसाहेब, एक ठेवला हाय. कोपऱ्यातल्या वेलीला, पानाआड. तिला सांगू नका. पिकला की तिच्याच हातानं तोडायला लावतो."

महिन्याभरानं कौसाबाई बाजारात भेटल्या.

"मालकाला सांगू नका बरं. त्याहिनं एक घड लपवला हाय. मला दुसऱ्याच दिशी दिसला. म्या बी माझ्या वाट्याचं तांब्याभर पाणी त्याच वेलीला घालून राहिले. एवढ्या हौसेनं लपवून राहिले, तर त्याहिच्याच तोंडात पडू द्या."

निवृत्त झाल्यावर फाल्गुनात मी मुद्दाम साखऱ्याला गेलो. वीसच्या वीस वेली जिवंत होत्या. मांडवावर पोपटांची शाळा भरली होती. कोपऱ्यातल्या वेलीला पानाआड नुसता देठ लोंबत होता.

बापूरावांनी मला बाजूला घेतलं. चेहरा असा, जणू पोरीचं लग्न पार पडलंय.

"खाल्ला तिनं! म्या काई बोललो न्हाई. लई वर्साची हौस व्हती तिची. तुमी सहज इचारा ना, गोड व्हता का?"

मी आत गेलो. कौसाबाई चुलीपुढं होत्या.

"मालकानं खाल्ला बरं का घड," त्या हळूच म्हणाल्या. "मला न्हाई सांगितलं. न्हाई तर न्हाई. खाल्ला, लई बरं झालं."

भाकरी उलटली.

"बाबूसाहेब, कसा लागला म्हणाले?"

"गोड," मी म्हणालो. "फार गोड होता म्हणे."

मग बाहेर आलो आणि बापूरावांनाही तेच सांगितलं.