विहिरीचं पाणी आणि मामांच्या मासोळ्या

आमच्या घरात सहीपलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि तोही अजून शिकतोच आहे. तेव्हा मूठभर मासोळ्यांसाठी कागद खर्ची घालतो आहे, याबद्दल वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला आमच्या गावी, खुटबावला आलो होतो. वडगाव रासाईच्या मामांनी भीमेतल्या बोटभर मासोळ्या घागरीत घालून सायकलवरून आणून दिल्या. मी घरामागे खड्डा खणला, तळाला चिकणमाती चोपली आणि विहिरीवरच्या इंजिनाचा पाइप थेट त्यात सोडून तळं भरलं. मासोळ्या त्यात सोडल्या.

वडिलांना, म्हणजे आमच्या आबांना, हे पटलं नव्हतं. ती विहीर त्यांनी वस्तीतल्या माणसांबरोबर स्वतः खणलेली. त्याआधी आजी गावविहिरीपाशी घागर ठेवून, कुणीतरी वरून पाणी ओतेल याची वाट बघत बसायची.

"त्या पाण्याची तू चैन करतोस व्हय?" आबा म्हणाले. "मासं मेलं तर खड्डा बुजवायचा. वांगी लावीन तिथं."

"आन् जगलं तर?"

"तवा बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या मासोळ्या पाण्यावर तोंडं काढून आ वासत होत्या. "भूक लागली आसंल," म्हणत आईनं भाकरीचा चुरा टाकला. एकीनंही तोंड लावलं नाही. खोल विहिरीच्या पाण्यात हवा कमी असते, एवढं कॉलेजात ऐकलं होतं. त्यावर करायचं काय, ते ऐकलं नव्हतं. मी घागरीनं उंचावरून धार सोडून पाहिली. मासोळ्या धारेखाली गोळा झाल्या. मी थांबलो, की पुन्हा आ.

आबा बांधावरून पाहत होते. "आसं किती येळ वततोस? हात गळून पडतील," म्हणत त्यांनी खोरं उचललं. वाफ्यांना पाणी वळवणं हे त्यांचं रोजचं काम. पाइप त्यांनी वांग्यांकडे जाणाऱ्या पाटात टाकला, पाट फोडून तळ्याकडे घेतला, त्यात दगड टाकले. विहिरीचं पाणी उन्हातून, दगडांवरून खळखळत आलं आणि तळ्यात वरून पडू लागलं. पलीकडच्या कडेला त्यांनी चर काढला. जास्तीचं पाणी तिथून सरळ वांग्यांना.

"थेंब वाया न्हाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

दुपारपर्यंत मासोळ्या खाली जाऊन हुंदडू लागल्या. आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "आता भाकर खात्यात बघ! सकाळच्याला रुसल्या हुत्या."

कॉलेज उघडलं आणि मला पुण्याला जावं लागलं. माझ्यामागं आबांनी पाट पुन्हा वांग्यांकडे नेला तर? आबांना विचारायचा धीर झाला नाही. पुण्याला दूध घालायला येणारे गावचे आप्पा सकाळच्या शटल गाडीनं माझा डबा आणायचे. मी त्यांनाच विचारायचो, "आप्पा, तळ्याचा काही निरोप?"

"हाय की. डब्यातली मेथी टाकू नगं म्हणाली आई."

पावसाळा निम्मा सरला. एके दिवशी डबा हातात देऊन आप्पा निघाले आणि परत फिरले.

"आरं, इसरलोच. तुझ्या बाचा सांगावा हाय. सुट्टीला आलास की तळ्यात पाय घालायचा न्हाई. पिल्लं झाल्यात म्हणं, टाचणीएवढी. वस्तीतल्या एकेकाला हाताला धरून नेतोय दाखवाया."